सहाव्या मजल्यावरची भैरी

“भैरी! आली बघा भैरी!”

आबांची आरोळी ऐकू आली तेव्हा आई कुरडयांचं ताट डोक्यावर घेऊन जिना चढत होती. ती तिथेच भिंतीला चिकटून उभी राहिली आणि मी तिच्या बाजूने वाट काढत गच्चीवर धावले. आबा ज्वारीचा डबा जिवाच्या आकांताने खडखडवत होते, मधेच तोंडात दोन बोटं घालून शीळ मारत होते. वर आमची बारा कबुतरं एका झुबक्यात गिरक्या घेत होती. त्यांच्याही वर, फार वर, एक काळा ठिपका होता. भैरी, म्हणजे बहिरी ससाणी. तो पंख मिटून सुटला. झुबका फुटला, हवेत मूठभर पिसं राहिली आणि अकरा कबुतरं कशीबशी आमच्या छत्रीवर येऊन पडली. छत्री म्हणजे बांबूवर बांधलेली चौकोनी जाळी. कबुतरांचं उतरायचं ठिकाण.

“कुठलं गेलं?” आईने जिन्यातूनच विचारलं.

“तांबडी,” आबा म्हणाले आणि पाण्याच्या टाकीला टेकून खाली बसले.

“आता तरी हो, सोडा हा नाद. कुरडयांवर घाण, धुण्यावर घाण, आणि वर हे सुतक.”

कबूतर गेलं की आबा, माझे वडील, दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत. उद्यमनगरातल्या फाउंड्रीत ते लेथवर होते, पण कोल्हापुरातल्या आमच्या पेठेत त्यांना कुणी लेथवाला म्हणत नसे. तिथे ते दौलू वस्ताद होते. कबूतर आजारी पडलं, अंड्यावर बसेना, उडता उडता मधेच उतरू लागलं, की लोक पिशवीत घालून आमच्याकडे आणायचे.

त्या संध्याकाळी पेठेतले पाच-सहा ढाबळवाले आमच्या सोप्यात जमले. ढाबळ म्हणजे कबुतरांचं घर. प्रत्येकाचं काही ना काही गेलं होतं. जोतीराम पोवारकाका तर रडकुंडीला आले होते.

“वस्ताद, ही भैरी लांबची न्हाई. रोज येत्या म्हंजे गावातच कुठंतरी घरटं घातलंय.”

“सापडूद्या घरटं,” आबा म्हणाले. “पोरं वर चढवतो, घरटं खाली. भैरी जाईल आपली डोंगरावर.”

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. घरटं कुठे आहे ते मला माहीत होतं. कुठली इमारत, कितवा मजला, कुठला कोपरा, सगळं. त्यात तीन पिल्लं आहेत हेही माहीत होतं. मी कपबशा मांडल्या, साखर पुरे का म्हणून विचारलं आणि आत गेले.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि बुबणाळे सरांकडे कवळ्या करायला होते. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे साचे आमच्याकडे पाठवायचे, आम्ही त्यावर मेण बसवून दात लावायचो. कामाला उजेड लागतो म्हणून सरांनी चौथ्या मजल्यावरची जागा घेतली होती. खिडकीसमोर रस्त्यापलीकडे सात मजली इमारत होती. होती म्हणजे, नुसता सांगाडा. भागीदार कोर्टात गेले आणि गिलावा व्हायच्या आधीच काम थांबलं. तिथे वाऱ्याशिवाय कुणी राहत नव्हतं. निदान आम्हाला तसं वाटायचं.

फेब्रुवारीत एका दुपारी मी एका आजोबांचा वरचा जबडा उन्हाकडे धरून बघत होते, तर त्यामागे समोरच्या सहाव्या मजल्यावर एक पाखरू बसलेलं दिसलं. पाठ पाटीसारखी करडी, पोट तांबूस, डोळ्यांखाली दोन्ही बाजूंना काळ्या मिशा. घार नव्हे, शिक्रा नव्हे. घरात जन्मभर जिच्या नावाने बोटं मोडलेली ऐकली, ती बहिरी ससाणी मी पहिल्यांदा बसलेली बघत होते. आजवर ती मला नेहमी आकाशातून पडतानाच दिसली होती. अशी निवांत बसून पायाने मान खाजवताना बघायची वेळ आली नव्हती. मला ती एकदम आवडली. का ते सांगता येत नाही.

सरांकडे फुटबॉलचे सामने बघायला घेतलेली दुर्बीण होती. ती त्यांनी कपाटातून काढली, पुसली आणि आधी स्वतः बघितलं.

“इंदू, हिला नवरा पण आहे गं. लहानखुरा आहे. हिच्यापुढे अगदी आमच्यासारखा.”

त्या दिवसापासून ती बाईसाहेब झाली आणि तो भाऊसाहेब. भाऊसाहेब शिकार आणायचा आणि बाईसाहेबांनी ती घेईपर्यंत कोपऱ्यात अंग चोरून बसायचा. सर जैन. बाईसाहेब जेवायला बसल्या की ते तोंड फिरवायचे आणि दोन मिनिटांनी म्हणायचे, “झालं का? किती उरलं?” मी बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला सगळं लिहायला लागले. किती वाजता गेली, किती वाजता आली, काय आणलं. बहुतेक वेळा पोपट असायचा, साळुंकी असायची, पारवा असायचा. कधीकधी पायात पितळी कडी असलेलं कबूतर असायचं. तसल्या कड्या गावात एकच माणूस करायचा. फाउंड्रीत उरलेल्या पितळेच्या, स्वतःच्या हाताने, लेथवर.

मार्चमध्ये पिल्लं फुटली. कापसाच्या तीन गोळ्या. ती बघताना मला इतकं बरं वाटायचं की संध्याकाळी घरी जाऊन आबांच्या पंक्तीला बसायचं जिवावर यायचं. मी सांगितलं तर घरटं जाणार. नाही सांगितलं तर आबांची कबुतरं जाणार. महिन्याभरात ती उडून जातील, तोवर निभावून नेऊ, एवढाच माझा विचार होता.

मध्ये मी एक शहाणपणा केला. आबांना म्हटलं, “सकाळी नऊपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर भैरी फिरते म्हणं. मधल्या वेळात सोडा की.”

“कुणी सांगितलं?”

“वाचलं कुठंतरी.”

आबांनी तसं करून बघितलं. तीन आठवडे एकही कबूतर गेलं नाही. ते आईला म्हणाले, “पोरगी डोक्यानं माझ्यावर गेल्या.” आई म्हणाली, “डोकं माझं हाय, नाद तेवढा तुमचा नको लागूदे.”

आणि भैरी आता गाव सोडून गेली असणार, या भरवशावर आबांनी निळीचं नाव शर्यतीत घातलं.

निळी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. तिची आजी, पणजी आमच्याच ढाबळीतल्या. लहान असताना तिला कसलीशी बाधा झाली तेव्हा आबांनी आठ दिवस तिला तोंडाने पाणी पाजलं होतं. एप्रिलमधल्या शर्यतीचा नियम सोपा. सकाळी सातला प्रत्येकाने आपापल्या गच्चीवरून एक कबूतर सोडायचं. प्रत्येक गच्चीवर एक पंच बसतो. जे कबूतर सगळ्यात उशिरा, पण अंधाराच्या आत आपल्या छत्रीवर उतरेल, ते जिंकलं. आबा अकरा वर्षं जिंकले नव्हते. लोकांची कबुतरं बरी करणाऱ्या वस्तादाला अकरा वर्षं शर्यत मिळत नाही, यावर पेठेत चेष्टा चालायची. आबा हसण्यावारी न्यायचे, पण घरी आल्यावर ढाबळीसमोर बसून राहायचे.

भैरी गेली नव्हती, आणि वेळांबद्दलची माझी चूकही मला आधीच कळली होती. पिल्लं मोठी झाली तशी दोघं नवरा-बायको दिवसभर शिकारीला जायला लागली होती. नऊ नाही आणि पाच नाही. बिलबुकाच्या मागे माझ्याच अक्षरात ते लिहिलेलं होतं. शर्यतीच्या आदल्या रात्री मी दोनदा आबांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. आबा निळीला मांडीवर घेऊन तिच्या पंखाचं एकेक पीस नीट करत होते. मी परत फिरले.

रविवार होता, तरी मला कामावर जावं लागलं. एका आजोबांच्या नातवाचं मंगळवारी लग्न होतं आणि फोटोत त्यांना दात हवे होते. सर आणि मी कवळी घासत बसलो होतो, पण माझं लक्ष आकाशात. पावणेपाचनंतर फार उंचावर एकच कबूतर दिसत होतं. बाकीची उतरली असणार. मी मनात म्हटलं, उतर बाई आता, पुरे झालं.

पाच वाजता बाईसाहेब कठड्यावरून उठल्या. मी दुर्बीण डोळ्याला लावली. सर खिडकीशी आले. तिने उंची कशी घेतली, कशी वळली ते मी बघितलं. त्यानंतरचं बघायला नको होतं, तरी बघितलं. थोड्या वेळाने ती जड होऊन परत आली आणि कठड्यावर टेकली. पायात निळसर कबूतर होतं. उन्हात कडी चमकली.

“पाच दहा,” सर सवयीने म्हणाले आणि माझ्याकडे बघून गप्प झाले. “इंदू, तुझ्या वडलांचं?”

मी मान हलवली.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण होत होती. गच्चीवर आबा शीळ घालत होते. छत्रीवर त्यांनी बल्ब लावला होता, निळीला लांबून दिसावा म्हणून. पंच बाबालाल मुजावर शेजारी खुर्चीवर बसले होते. पोवारकाकाही आले होते. त्यांचं कबूतर चार-चाळीसला उतरलं होतं आणि तेच सगळ्यात शेवटचं होतं. जिंकले होते, पण हसायचीही चोरी झाली होती बिचाऱ्यांना.

“वस्ताद, चारला बघितली मी तिला,” बाबालालचाचा म्हणाले. “मग उन्हात दिसंना झाली. आता अंधार पडला. मला शून्य लावावं लागतंय.”

“येईल,” आबा म्हणाले.

“येऊदे. पण नियम तुमाला माहीत हाय. भैरीनं उचलली असली आन् दोघांनी डोळ्यानं बघितली असली, तर तोवरची वेळ धरतोय आपण. कुणी भेटलं तर उद्या दुपारी बाराच्या आत माझ्याकडं घिऊन या. बारानंतर कागद बंद.”

ते दोघं गेले. आबा पुन्हा शीळ घालायला लागले. मी जिन्याच्या तोंडाशी उभी होते. ते असेच तीन दिवस उभे राहणार, हे मला माहीत होतं. याआधी राहिले होते.

“आबा, निळी यायची न्हाई.”

“कशावरनं?”

“मी बघितलं. भैरीनं नेली. पाच वाजून दहा मिनिटांनी.”

शीळ थांबली. “कुठनं बघितलंस?”

“लॅबच्या खिडकीतनं. समोर सहाव्या मजल्यावर तिचं घरटं हाय. तीन पिल्लं हाईत.”

“कवापासनं?”

“फेब्रुवारीपासनं.”

आबांनी ढाबळीकडे बघितलं. मग म्हणाले, “म्हंजे तांबडी?”

“तांबडी. त्याआधी दोन पांढऱ्या. आणि मुंडा.”

प्रत्येक नावाला त्यांनी नुसती मान हलवली. मग हात वर करून छत्रीवरचा बल्ब काढला. गरम होता, तरी हातातच धरून खाली गेले. जेवले नाहीत. आईने मला विचारलं, “काय झालं गं?” मी सांगितलं तेव्हा तीही पहिल्यांदाच कबुतरांबद्दल काही वाकडं बोलली नाही. तिने पिठल्यावर ताट झाकलं आणि बसून राहिली.

सकाळी आबांनी फाउंड्रीत निरोप पाठवला की आज येत नाही. पांढरा शर्ट घातला, सायकल काढली आणि म्हणाले, “चल, दाखव.”

सायकलवर ते बसले नाहीत, हातात धरून माझ्याबरोबर चालले. बिंदू चौक ओलांडल्यावर त्यांनी विचारलं, “तुला माझं भ्या वाटलं व्हय?”

“घरट्याचं भ्या वाटलं. तुम्ही ते काढून टाकलं असतं.”

“काढलंच असतं. आज बी काढीन.” थोडं चालून ते म्हणाले, “कबुतरं गेल्याचं न्हाई गं. ती जात्यातच. एका ताटात जेवत हुतो आपण, आन् तू एवढं पोटात घिऊन बसलीस. मला सांगता येत न्हाई असा मी बाप झालो, ह्याचं वाईट वाटलं.”

मी रस्त्यातच रडायला लागले. आबांनी खिशातून रुमाल काढून दिला. त्याला ज्वारीचा वास होता.

लॅबमध्ये बुबणाळे सर आमची वाटच बघत होते. त्यांनी आबांना खुर्ची दिली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलेला एक कागद पुढे केला. सकाळी शेजारच्या दुकानातून मी सरांना फोन करून शर्यतीचा नियम सांगितला होता.

“काल पाच वाजून दहा मिनिटांनी निळ्या रंगाचं, पितळी कडीचं कबूतर, मी आणि इंदुमती घाटगे दोघांनी पाहिलं,” सरांनी वाचून दाखवलं. “खाली सही केली आहे. इंदूची राहिली आहे. वस्ताद, अर्ध्या तासाने जिंकलात तुम्ही.”

आबांनी कागद घेतला, घडी केली आणि वरच्या खिशात ठेवला. माझी सही मागितली नाही. “दुर्बीण कुठाय?”

दुर्बीण त्यांना जमेना. मी बोटाने फिरवून चित्र स्पष्ट करून दिलं. चाळीस वर्षं ज्या पाखराशी वैर केलं, ते त्यांनीही कधी बसलेलं बघितलं नव्हतं.

“छाती बघ की केवढी,” ते स्वतःशीच म्हणाले. “आन् नखं.” मग त्यांनी दुर्बीण जरा खाली सरकवली. “कठड्यावर निळी पिसं हाईत.”

“हो.”

“बरं.”

पिल्लांची पिसं आता बरीच तपकिरी झाली होती, डोक्यावर कापूस तेवढा उरला होता. दोन थोराड होती आणि एक बारकं. ते तिसऱ्या दिवशी फुटलं होतं आणि कायम मागेच राहिलं होतं. साडेदहाला भाऊसाहेबाने साळुंकी आणली. बाईसाहेबांनी ती घेतली, पिसं उपटली आणि बारीक तुकडा काढून चोचीत धरला. पहिला तुकडा मोठ्याने घेतला. दुसरा दुसऱ्याने. तिसरा परत पहिल्याने. बारकं मागून मान लांब करत होतं आणि प्रत्येक वेळी ढकललं जात होतं. साळुंकी संपली.

“ह्याला मिळालं न्हाई,” आबा म्हणाले.

“त्याला नेहमी शेवटी मिळतं.”

“शेवटी म्हंजे कवा? काल मिळालं हुतं?”

मी बिलबुक काढून बघितलं. “काल संध्याकाळी मिळालं. शेवटी तेवढंच उरलं होतं.” काय उरलं होतं ते मी म्हटलं नाही. आबांना कळलं. त्यांनी दुर्बीण खाली घेतली, डोळे पुसले आणि परत लावली.

सव्वाअकरा झाले. सर घड्याळाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होते. बाबालालचाचांचं घर तिथून सायकलने पंधरा मिनिटांवर होतं. साडेअकराला सरांना राहवेना. “वस्ताद, निघायला हवं ना तुम्हाला? इंदू, सही कर बघू.”

आबांनी खिशावर हात ठेवला. “हा कागद दिला की बाबालाल पहिलं विचारणार, कुठनं बघितलं. सांगावं लागणार. पंचाला खोटं सांगून चालत न्हाई. आन् जागा कळली की चार वाजायच्या आत पेठ सगळी त्या जिन्यात.” ते माझ्याकडे वळले. “कवा उडत्यात ही?”

“आठ-दहा दिवसांत.”

“आठ-दहा दिवस,” ते म्हणाले.

निळी त्यांची होती, अकरा वर्षं त्यांची होती. माझ्याने काय सांगवणार? मी फक्त सहीसाठी हातात घेतलेलं पेन टेबलावर ठेवलं. आबांनी ते बघितलं की नाही कोण जाणे. तेवढ्यात समोर आरडाओरडा सुरू झाला. बाईसाहेब स्वतः पारवा घेऊन आल्या होत्या.

आबा खुर्चीवरून उठून खिडकीला भिडले. मोठ्याने घेतला, दुसऱ्याने घेतला. बारकं मागेच.

“अगं मागं बघ की! मागं!” आबा ओरडले. खाली रस्त्यावरचा भेळवाला वर बघायला लागला. “भाड्या, सरक जरा! त्याला दे की गं बाई, कवाधरनं तोंड उघडून बसलंय!”

सरांनी तोंड फिरवलं नव्हतं. तेही खिडकीशी येऊन पुटपुटत होते, “दे, दे त्याला.” मोठी दोन्ही पोट भरून बाजूला लवंडली. बाईसाहेबांनी पारव्याची मान मोडली, एक तुकडा काढला आणि इकडे तिकडे बघितलं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकला.

“आबा,” मी म्हणाले, “बारा वाजून गेले.”

“वाजूदेत,” दुर्बीण न काढता ते म्हणाले. “गप बस जरा. बारकं जेवायलंय.”